लेम्को पोशाखाचा स्त्री-पुरुष संच : लोकर अस्सल, घागरा फसवा

लेम्को पोशाखाची पारख कशिद्यावरून करायला जाणाऱ्याची फसगत ठरलेली असते, कारण या पोशाखात कशिदा मुळातच बेताचा आहे. सदऱ्याची गळपट्टी, मनगटपट्ट्या आणि छातीवरची चीर यांच्यापलीकडे तो सहसा जात नाही. या पोशाखाचा सारा डौल कापडाच्या वजनावर, चुण्यांच्या शिस्तीवर आणि गळ्यातील काचमण्यांच्या रुंद पट्टीवर उभा असतो. क्राकूवमधील आमच्या हौशी लोकनृत्यगटाने स्त्री आणि पुरुष असे दोन पूर्ण संच बेस्किद निस्की डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या शिवणघराकडून करून घेतले. गटाचा कपडेपट माझ्याकडे असल्यामुळे मोजमापापासून धुलाईपर्यंत सारे व्यवहार मलाच पाहावे लागले, आणि एक हंगाम वापर झाल्यावर आता या संचांविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. शिवणघराचे नाव मी देणार नाही. लहान धंदा आहे, काम मनापासून केले आहे, आणि जे दोष पुढे सांगणार आहे ते या बाजारात इतरत्रही सर्रास दिसतात.

ज्यांना लेम्को हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर कार्पेथियन पर्वतरांगेत, आजच्या आग्नेय पोलंड आणि ईशान्य स्लोव्हाकियाच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला हा पूर्व स्लाव्ह समाज आहे. मेंढ्या, जवसाची आणि ओटची शेती, लाकूडकाम, आणि उन्हाळ्यात सुगीच्या मजुरीसाठी हंगेरीच्या मैदानात उतरणे, असा त्यांचा जुना संसार होता. 1944 ते 1946 या काळात त्यांतील बरेच जण सोव्हिएत युक्रेनमध्ये पाठवले गेले, आणि 28 एप्रिल 1947 रोजी सुरू झालेल्या ‘विस्ला’ मोहिमेत उरलेल्यांना उचलून पोलंडच्या पश्चिम आणि उत्तर भागांत विखरून वसवले गेले. त्या मोहिमेत युक्रेनी, बोइको (लेम्कोंच्या शेजारचा डोंगरी समाज) आणि लेम्को मिळून सुमारे 1 लाख 40 हजार माणसे हलवली गेली. काहींना 1956 नंतर माघारी येता आले. पोलंडच्या 2005 च्या कायद्याने लेम्कोंना वांशिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली आहे, आणि 2011 च्या जनगणनेत सुमारे 10 हजार लोकांनी स्वतःची ओळख लेम्को अशी नोंदवली. हा इतिहास कपड्यांच्या परीक्षणात आणायचे कारण साधे आहे. गावेच्या गावे उठली तेव्हा पेट्यांतले सणासुदीचे कपडेही विखुरले, विणणारे हात पांगले, आणि आज जो पोशाख विकत मिळतो तो प्रामुख्याने संग्रहालयांतील नमुने, जुनी छायाचित्रे आणि रंगमंचावरील गटांची सवय या तिन्हींच्या मिश्रणातून बनतो. यांतील तिसऱ्या घटकाने सर्वांत जास्त घोटाळे केले आहेत.

मागणी नोंदवण्यापूर्वी आम्ही मूळ नमुने पाहून घेतले होते, आणि असा पोशाख घेणाऱ्या प्रत्येकाला माझा तोच सल्ला राहील. क्राकूवचे मानववंशशास्त्रीय संग्रहालय 1911 मध्ये स्थापन झाले. त्याचे संस्थापक सेवेरिन उद्झेला यांनी लेम्को प्रदेशाचाही अभ्यास केला होता. दुक्ला खिंडीजवळच्या झिंद्रानोवा गावात फेदोर गोच यांनी 1968 मध्ये उभे केलेले लेम्को संस्कृती संग्रहालय आकाराने छोटे आहे, पण कपडा जिथे वापरला जाई त्या घरातच तो पाहायला मिळाला की त्याचा अर्थ अधिक नीट लागतो. सानोकच्या खुल्या संग्रहालयात लेम्को घरांचा वेगळा विभाग आहे, आणि सीमेपलीकडे स्लोव्हाकियातील स्विदनिक येथे 1956 पासूनचे संग्रहालय आहे. हे सारे पाहून गेल्यामुळेच शिवणघरात पहिल्या भेटीत आमच्यासमोर लाल-काळ्या भरगच्च टाक्यांचे सदरे मांडले गेले तेव्हा आम्ही नम्रपणे नकार देऊ शकलो. तसला दाट कशिदा पूर्वेकडच्या हुत्सुल लोकांच्या पोशाखाला शोभतो; ‘कार्पेथियन’ या एका मोठ्या पिशवीत सगळे कोंबून विकण्याची दुकानदारांची खोड मात्र जात नाही. मालकीणबाईंनी आमचे म्हणणे लगेच मान्य केले. गिऱ्हाईक तेच मागते म्हणून ते पुढे ठेवतो, असे त्यांनी सरळ सांगून टाकले.

पुरुषांच्या संचातील, किंबहुना दोन्ही संचांतील सर्वोत्तम वस्तू म्हणजे चुगा. हा गडद तपकिरी लोकरीचा लांब, ऐसपैस झगा असून तो अंगात न घालता खांद्यांवर टाकायचा असतो. त्याच्या बाह्या खालच्या टोकाला शिवून बंद केलेल्या असतात आणि त्यांचा उपयोग खिशांसारखा होतो; बाजाराला निघालेला शेतकरी त्यांत आपले सामान ठेवी. आमच्या एका नर्तकाने पहिल्याच सरावात उत्साहाने त्यात हात घातला आणि बराच वेळ बाहेर येण्याची वाट शोधत राहिला. मागे एक मोठी चौकोनी कॉलर पाठीवर खाली सोडलेली असते, आणि पाऊस आला की ती वर उचलून डोक्यावर घेता येते. या कॉलरीवर कुठे पांढरे पट्टे विणलेले असतात, तर कुठे तिच्या कडेला पिळदार लोकरी दोऱ्यांची लांब झालर असते. गाव बदलले की ही सजावटही बदलत असे. चुगा हा ऐपतदार शेतकऱ्याचा मानाचा कपडा होता. तरण्या पोराने तो घालून नाचणे हे जुन्या माणसांना विचित्रच वाटले असते, म्हणून आमच्या सादरीकरणात तो वऱ्हाडातील थोरल्या पुरुषाच्या खांद्यावर येतो आणि नाच सुरू होताच उतरतो.

या चुग्याचे कौतुक करण्याचे खरे कारण त्याच्या लोकरीत आहे. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड जसेच्या तसे वापरायचे नसते. ते पाण्यात भिजवून कुटावे लागते. जुन्या काळी ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या चक्क्यांमध्ये जड लाकडी हातोडे हे काम करीत. त्या मारानेच कापड आटते, धाग्याधाग्यातील फट बुजते आणि नमद्यासारखा दाट, वारा व पाऊस अडवणारा थर तयार होतो. असे कापड कात्रीने कापले तरी त्याची कड उसवत नाही. शिवणघराकडे कुटलेल्या लोकरीचा पुरवठा असल्याचे सांगितले गेले होते, आणि ते खरे निघाले: चुग्याची खालची कड कुठेही दुमडलेली नाही, तिच्यावर यंत्राची गुंडाळटीपही नाही, आणि हंगामभर घासूनही तिचा एक धागा सुटलेला नाही. कापणीही जुन्या पद्धतीची आहे. अरुंद मागावरच्या पट्ट्यांतून काहीच वाया जाऊ नये म्हणून असे कपडे सरळ तुकड्यांत कापले जात आणि रुंदी हवी तिथे बाजूंना पाचरीसारखे तुकडे घातले जात. आमच्या चुग्याला बाजूंच्या त्या पाचरी आहेत, त्यामुळे खांद्यावर अरुंद असलेला झगा पोटऱ्यांपाशी भारदस्त घेर धरतो. रंगही दिलेला नसून काळ्या-तपकिरी मेंढ्यांच्या लोकरीचाच आहे, म्हणून तो भक्क उन्हात मैदानावर ठेवूनही विटला नाही. एकच उणे: कॉलरीच्या झालरीसाठी तयार कृत्रिम दोरी वापरली आहे. सगळ्या दोऱ्या इतक्या एकसारख्या आणि चकचकीत आहेत की शेजारच्या लोकरीपुढे त्या उपऱ्या वाटतात. मागणी देताना झालर त्याच लोकरीच्या हातपिळाची हवी असे लिहून द्यावे.

पुरुषाचा उरलेला संच ठीकठाक आहे. पांढऱ्या कुटलेल्या लोकरीची तुमान, म्हणजे होलोश्नी, शिवणींवरच्या रंगीत दोरीसह नेटकी झाली आहे, मात्र उन्हाळ्यातल्या कार्यक्रमात ती घालणाऱ्याची दया येते. लेम्को लोक स्वतः उन्हाळ्यात जवसाच्या धाग्याची साधी तुमान, म्हणजे नोहावित्सी, घालीत, आणि आम्हीही आता तीच मागवली आहे. निळ्या बनातीची बिनबाह्यांची बंडी, जिला लायबिक म्हणतात, धातूच्या बटणांच्या रांगेमुळे दुरूनही उठून दिसते आणि तिची अंगाला बसणारी कापणी फार चांगली साधली आहे. कडा वळवलेली ‘हंगेरियन’ टोपी बाजारातून आणलेली, सामान्य आहे. केर्प्त्सी या पायताणांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. चामड्याच्या एकाच तुकड्याच्या कडा पुढे गोळा करून, वादीने घोट्याभोवती आवळून बांधायची ही पादत्राणे आहेत. त्यांना टाच नसते आणि तळ मऊ असतो, त्यामुळे पाय जमिनीला चिकटून राहतो आणि चाल आपोआप बदलते. आम्हाला मिळालेल्या जोडांना खाली रबराचा जाड तळ चिकटवलेला होता, वाद्या शोभेपुरत्या होत्या आणि आतल्या बाजूला चक्क चेन होती. पडद्यामागे झटपट कपडे बदलणाऱ्यांच्या सोयीसाठी असे केले असावे हे समजते, पण अशा बुटांत लेम्को नाच नाचणे म्हणजे अनवाणी पायांचे काम गमबूट घालून करणे. ते जोड परत केले आणि पैसेही कुरकुर न होता परत मिळाले.

स्त्रियांच्या संचाकडे वळताना माझा सूर थोडा बदलतो. आखूड पोलके जवसाच्या खऱ्या कापडाचे आहे, बाह्यांचा घेर गळ्याशी आणि मनगटाशी बारीक चुण्यांत गोळा केला आहे, आणि त्या चुण्या हाताने ओढलेल्या आहेत हे आतल्या बाजूने पाहिले की लगेच कळते. वरची मखमली चोळीवजा बंडीही सुबक आहे. पण त्याखालचा घागरा, काबात, हाच स्त्रीवेशाचा कणा आहे आणि नेमके तिथेच शिवणघराने तडजोड केली आहे.

लेम्को स्त्रियांचे घागरे अनेक प्रकारच्या कापडांचे असत. त्यांतील सर्वांत देखण्या प्रकारांपैकी एक म्हणजे निळीत बुडवलेल्या छापील कापडाचा. या छपाईत रंग ठशाने लागत नाही. ठशाने लागते ती रंग अडवणारी लापशी. लाकडी ठशांत, आणि बारीक नक्षीसाठी त्यांत ठोकलेल्या पितळी पट्ट्या व खिळ्यांवर, माती आणि डिंक यांची लापशी घेऊन ती पांढऱ्या कापडावर उमटवतात, वाळली की कापड निळीच्या हौदात पुन्हा पुन्हा बुडवतात, आणि शेवटी लापशी धुऊन काढली की निळ्या जमिनीवर पांढरी फुले उरतात. ऑस्ट्रिया, चेकिया, जर्मनी, हंगेरी आणि स्लोव्हाकिया या पाच देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने 2018 मध्ये ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, म्हणजे ती जिवंत आहे आणि असे कापड आजही विणून-छापून मिळते. लेम्को गावांना हे कापड आसपासच्या छोट्या शहरांतील रंगाऱ्यांकडून मिळे. अस्सल आणि नकली यांतील फरक ओळखायला कापड फक्त उलटून पाहावे लागते: हौदात बुडालेले कापड मागूनही निळेच असते, तर यंत्राने वरून छापलेल्या कापडाची पाठ फिकट पांढुरकी राहते. आमचा काबात उलटला तेव्हा आत पांढुरका निघाला. शिवाय कापड निम्मे कृत्रिम धाग्याचे होते.

मालकीणबाईंचा युक्तिवाद मात्र अगदीच झटकून टाकण्यासारखा नाही. सुती किंवा जवसाच्या कापडावर बारीक चुण्या बसवायच्या तर त्या ओल्यावर एकेक करून रचाव्या लागतात, दोऱ्यांनी आवळाव्या लागतात आणि दाबाखाली सुकवाव्या लागतात. शिवाय प्रत्येक धुण्यानंतर हा खटाटोप पुन्हा. कृत्रिम धाग्यावर यंत्राने उष्णतेने पाडलेली चुणी कायमची राहते, घडी करून बॅगेत टाकली तरी बिघडत नाही. दौऱ्यावर जाणाऱ्या गटाला हे वरदान वाटेल यात शंका नाही, आणि आमच्या मुलींनाही ते आवडले. माझा आक्षेप घागऱ्याच्या चालीला आहे. जड कापडाचा काबात गिरकीत उशिरा उठतो आणि उशिरा खाली येतो, नाचाच्या मात्रेला तो मागून साथ देतो. हा हलका घागरा मात्र पहिल्याच वळणाला वर उडतो आणि आतले अस्तर दाखवत राहतो. आत पांढरा जवसाचा घागरा घालण्याची पद्धत होती तिचा उपयोग घेर भरण्याबरोबरच वजन देण्यासाठीही होता. तो स्वतंत्र घागरा संचात नव्हता, त्याऐवजी पातळ अस्तर जोडले होते. आम्ही तो वेगळा शिवून घेतला आणि निम्मी अडचण दूर झाली. उरलेली निम्मी कापड बदलल्याशिवाय जाणार नाही.

क्रिवुल्काने सारी निराशा भरून काढली. काचेच्या बारीक मण्यांची ही गोल, रुंद गळपट्टी गळ्याभोवतीच नव्हे तर खांद्यांवर पसरते, आणि साध्या पांढऱ्या पोलक्यावर ती आली की कशिद्याची उणीव भासतच नाही. हे काम मालकीणबाईंनी गावातल्या एका वयस्क कारागीर आजींना दिले होते आणि त्या बाबतीत मी त्यांचा ऋणी आहे. पट्टी जाळीच्या टाक्याने गुंफलेली आहे: मण्यांची लहान लहान चौकटी घरे एकमेकांत अडकवत वर्तुळाच्या आतल्या काठाकडून बाहेर जायचे, आणि बाहेरचा परीघ मोठा असल्याने प्रत्येक फेरीत घराच्या बाजूचे मणी वाढवत न्यायचे. वाढ कमी पडली तर पट्टी वाटीसारखी वर वळते, जास्त झाली तर कडेला लाटा येतात. आमची पट्टी मेजावर ठेवली तर कागदासारखी सपाट बसते. रंगांचे त्रिकोण आणि समभुज चौकोन एका भागातून दुसऱ्यात उतरताना कुठेही तुटत नाहीत. मणी चेकिया देशात बनलेले, एका मापाचे आहेत. स्वस्त मणी घेतले असते तर ही सफाई शक्य नव्हती, कारण लहानमोठ्या मण्यांची जाळी कधीच सरळ चालत नाही. पूर्वी गुंफणीला घोड्याचे केस किंवा जवसाचा धागा वापरीत, इथे बारीक नायलॉन आहे, आणि टिकाऊपणासाठी मला तो बदल मान्य आहे. मागची कडी मात्र अगदीच नाजूक आहे. ती काढून आम्ही फीत लावली.

डोक्याच्या कपड्याबाबत संचाने एक चूक केली आहे जी खरेदीदाराच्या सहज लक्षात येत नाही. चेपेत्स ही कापडी टोपी लग्न झालेल्या स्त्रीची खूण होती. लग्नाच्या रात्री नवरीच्या डोक्यावर ती चढवण्याचा विधी असे, आणि तिच्यावरून रुमाल बांधला जाई. कुमारिका वेणी मोकळी सोडीत. शिवणघर मात्र प्रत्येक स्त्रीसंचात चेपेत्स सरसकट देते आणि तिच्याबरोबर मुलींच्या वेणीला बांधायच्या रंगीत फितीही देते, म्हणजे एकाच बाईला एकाच वेळी नवरीही करते आणि अविवाहितही. आम्ही दोन्ही वस्तू घेतल्या, पण वेगवेगळ्या पात्रांना दिल्या. खांद्यावरून घ्यायची मोठी फुलांची शाल, फात्सेलिक, तयार बाजारातली असूनही रंग आणि झालर चांगली आहे.

आता व्यवहाराचे. दोन्ही संचांची किंमत स्वतंत्रपणे चार आकडी झ्लॉटींत, म्हणजे पोलंडच्या चलनात, गेली आणि क्रिवुल्काचे पैसे त्याखेरीज मोजावे लागले. चुग्याची लोकर आणि मण्यांच्या पट्टीमागचे तास लक्षात घेता या दोन वस्तूंची किंमत मला कमीच वाटली, तर काबातची जास्त. मोजमाप नीट घेतले गेले, मधली फेरी ठेवली गेली, पण ठरल्या तारखेपेक्षा उशीर बराच झाला आणि तो आम्ही विचारल्यावरच कळवण्यात आला. धुलाईची कोणतीही सूचना सोबत नव्हती. लोकरी कपडे पाण्यात घालू नयेत, नुसते झटकून सावलीत हवेशीर टांगावेत. जवसाचे पोलके कोमट पाण्यात हाताने धुवावे. आणि क्रिवुल्का टांगून ठेवू नये, सपाट पेटीत ठेवावी, नाहीतर स्वतःच्या वजनाने तिची जाळी खाली ओढली जाते.

ज्यांना केवळ एका प्रसंगासाठी पोशाख हवा आहे त्यांनी पूर्ण संच घेऊच नये. दर जुलैमध्ये ज्दिन्या गावी लेम्को ‘वात्रा’ महोत्सव भरतो. तिथे मण्यांच्या पट्ट्या हातात घेऊन, टेबलावर सपाट ठेवून पाहता येतात आणि जुन्या घरांतले कपडे अंगावर घालून आलेली माणसेही भेटतात, त्यांच्याकडे पाहूनच बरेच शिकता येते. गटासाठी घेणाऱ्यांनी या शिवणघरासारख्या ठिकाणी पुरुषांचा चुगा, लायबिक आणि होलोश्नी, तसेच स्त्रियांचे पोलके, बंडी आणि क्रिवुल्का बिनधास्त करून घ्यावे. काबातचे निळीचे कापड स्वतः स्लोव्हाकियातील एखाद्या ठसेछपाई करणाऱ्या कारागिराकडून आणून द्यावे आणि शिवणघराकडून फक्त चुण्या आणि शिलाई घ्यावी. मालकीणबाईंना हे सुचवून पाहिले तेव्हा त्या तयार झाल्या, फक्त हातच्या चुण्यांसाठी शिलाईचा दर वाढवून मागितला, आणि तो वाजवी होता. पायताणे मात्र चर्मकाराकडूनच करून घ्यावीत.